हिरव्या फोनची दोन टोकं

ताईला जुळं झालं त्या वर्षीची ही गोष्ट. घरात एकाऐवजी दोन पाळणे हलू लागले, आईची झोप उडाली, आणि भावोजी भेटेल त्याला दोन बोटं दाखवत हिंडू लागले. त्याच वर्षी पाणीपुरवठ्याच्या इमारतीत वरच्या मजल्यावर आपत्ती कक्ष उघडला, आणि ताईची धाकटी बहीण बस डेपोतली नोकरी सोडून तिथे आली.

खोली साधीच होती. भिंतीवर मोठा नकाशा, त्यात नदीपलीकडच्या अणुवीज प्रकल्पाभोवती एकात एक काढलेले गोल. चार टेबलं. आणि खिडकीजवळच्या टेबलावर एक हिरवा फोन. त्याला आकडेच नव्हते. इकडे उचलला की प्रकल्पात वाजायचा, तिकडे उचलला की इकडे वाजायचा. मधे कोणी नाही.

फोन बसवला त्या दिवशी सकाळी तिने तो पहिल्यांदा उचलला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजली. मग कोणीतरी उचलला.

"हं?"

"आपत्ती कक्षातून बोलतेय. लाइन तपासायची आहे. आपण कोण?"

"मी... खरं सांगू का, मी चहा घ्यायला निघालो होतो. खोली उघडी होती, फोन वाजत होता, म्हणून उचलला."

"म्हणजे या लाइनवर नेमलेले तुम्ही नाही?"

"नाही. ते बहुतेक अजून गेटवरच आहेत. ठेवतो मी."

"ठेवू नका," ती म्हणाली.

"का?"

"उचललेला फोन काम संपेपर्यंत खाली ठेवायचा नाही. नियम आहे."

"पण मी नेमलेला नाही ना."

"उचललात ना? मग नेमलेला माणूस येईपर्यंत तुम्हीच."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "आणि माझा चहा?"

"तो गार होईल."

"नियम कोणी केलाय हा?"

"मी."

तो हसला. मोकळं हसू होतं, कुठे आडपडदा नसलेलं. ती एकदम खिडकीबाहेर बघू लागली, जणू तो तिथून तिच्याकडे बघत होता.

नेमलेला माणूस गेटवर ओळखपत्रासाठी अडकला होता. तो येईपर्यंत हे दोघं बोलत राहिले, कारण नियमात पुढे असंही होतं की लाइन मुकी ठेवायची नाही. फार वेळ कोणी बोललं नाही तर पलीकडचा समजतो की तार तुटली. तेव्हा सांगण्यासारखं नसेल तरी काहीतरी बोलायचं. तिने त्याला खिडकीतून दिसणारा चौक सांगितला. त्याच्या खोलीला खिडकीच नव्हती. त्याने भिंतीवरच्या घड्याळाची काच कशी तडकली आहे ते सांगितलं. बोलण्यासारखं एवढंच होतं, आणि तरी ते कमी पडलं नाही.

पुढच्या सोमवारी लाइन तपासायला तिने फोन उचलला, तर पुन्हा तोच.

"आज चहाला निघाला होतात का?"

"नाही. आज नेमलेला आहे. मीच मागून घेतलं."

समोरच्या टेबलावर बंबवाले काका बसायचे. अग्निशमन दलातून निवृत्त झालेले, भुवया एकदा जळल्यावर पुन्हा नीट न आलेले. त्यांनी पेपरमागून तिच्याकडे पाहिलं आणि पान उलटलं.

हे नियम काही हौसेने केलेले नव्हते. आदल्या वर्षी मोठा सराव झाला होता. प्रकल्पात गळती झाली असं समजायचं आणि गावाने काय करायचं ते करून बघायचं. प्रकल्पातल्या इंजिनियरांनी निरोप लिहिला, तो त्यांच्या मुख्य कार्यालयात गेला, तिथून जिल्ह्याला, तिथून पोलिसांना. गावात पोचेपर्यंत ती खोटी गळती खोटी खोटी दुरुस्तही झाली होती. पण भावोजींचा फोन मात्र ताबडतोब पोचला. भावोजी प्रकल्पाच्या स्टोअरमध्ये. त्यांना त्यांच्या विभागाचा बाहेरचा फोन चालतो का एवढंच बघायचं होतं. त्यांनी घरी लावला आणि ताईला खड्या आवाजात म्हणाले, "मुकाट्याने घराबाहेर पड." हा सराव आहे, हे तीन शब्द सांगायचे ते विसरले.

ताईने फक्त शेजारणीला सांगितलं. शेजारणीने फक्त तिच्या नणंदेला. थोड्या वेळात प्रकल्पाशेजारची अख्खी वसाहत नदीवरच्या पुलावर. कोणी शिलाई मशीन उचललेलं, कोणी पोपटाचा पिंजरा, एकाने घरातलं दार निखळून आणलेलं, का ते त्यालाही सांगता येईना. आणि लोकांना न्यायला निघालेल्या सरावाच्या बसेस पुलाच्या अलीकडच्या टोकाला अडकलेल्या.

गावाला हसायला विषय मिळाला. पण तिने त्या दिवशी डेपोतून तो पूल पाहिला होता. ताईचं पोट तेव्हा दिसायला लागलं होतं आणि ती पुलाच्या कठड्याला धरून उभी होती. खरंच काही सुटलं असतं, तर सगळ्यात वाईट जागा तीच होती. आणि तिथे तिला तिच्याच नवऱ्याच्या मायेने नेऊन उभं केलं होतं.

म्हणून आपत्ती कक्षाच्या पहिल्या बैठकीत नवीन असूनही ती बोलली. एक, प्रकल्प आणि गाव यांच्यात सरळ तार, मधे कोणी नको. दोन, निरोपात तीनच गोष्टी, साध्या भाषेत, म्हणजे काय झालं, वारा कुठून कुठे निघालाय, लोकांनी काय करायचं. ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायचं. आणि तिसरं सांगताना ती जरा अडखळली... लाइनच्या दोन टोकांवर एकमेकांचे नातलग नकोत. रक्ताचेही नकोत, लग्नाचेही नकोत.

"हे कशाला?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"आपल्या माणसाला आपण बातमी देत नाही साहेब, आपण त्याला सांभाळतो," ती म्हणाली. "कोणी लवकर सांगतो, कोणी उशिरा. सगळ्या गावाला सांगायचं असतं तेव्हा दोन्ही वाईट."

साहेबांनी तिन्ही नियम जसेच्या तसे घेतले. तेव्हापासून खोलीत तिचं नाव पडलं मास्तरीण.

मास्तरीण पलीकडच्यालाही सोडत नसे.

"प्राथमिक परिवहन मंडलातील दाबात किंचित—" तो एका सरावात सुरू झाला.

"थांबा. हे मी भाजीवालीला सांगायचं आहे. ती काय करेल?"

"तिने... काही करायचं नाही."

"मग तसं सांगा."

"काही करायचं नाही. भाजी विकायची."

"भाजी विकायची," तिने परत म्हणून दाखवलं.

"बरोबर," तो म्हणाला, आणि मग नियमाबाहेरचं एक वाक्य बोलला. "शाळेत तुमच्यासारख्या बाई असत्या तर मी इंजिनियर झालो नसतो."

"काय झाला असतात?"

"नापास."

असे सराव होत गेले. अर्धा अर्धा दिवस लाइन उघडी. तो पलीकडून अणुभट्टीचे आकडे द्यायचा, ती बसेस कुठवर आल्या ते सांगायची, आणि मधल्या रिकाम्या वेळात लाइन जिवंत ठेवायची म्हणून दोघं वाट्टेल ते बोलायचे. त्याला बंद खोलीत वारा कसा आठवतो. तिला डेपोत गाड्यांची नावं पुकारताना स्वतःचा आवाज कसा दुसऱ्याच कोणाचा वाटायचा. ताईची जुळी एकाच वेळी रडतात की पाळीपाळीने. समोर नकाशावर ते गोल दिसत असायचे, आणि त्या गोलांच्या मध्यावरून एक माणूस तिला विचारत असायचा, "आज आभाळ कसं आहे?"

त्याला तिने पाहिलं नव्हतं. प्रकल्पाने आपत्ती कक्षातल्या लोकांना आत बोलावलं तेव्हा पाहिलं.

सगळ्यांना पांढरे कोट, टोप्या, बुटांवर पिशव्या चढवल्या होत्या. ओळखायचं कोणी कोणाला? ती आणि बंबवाले काका एका जाड दारापाशी उभे होते. दार जाडजूड, तिजोरीसारखं, आणि तरी एका बोटाने सरकत होतं. आतून कोणीतरी म्हणालं, "सावकाश. उंबरठा आहे."

तिने मान वर केली. तो आवाज तिला डोळे मिटून हजारात ओळखता आला असता.

टोपीखाली नाक थोडं वाकडं, डोळे झोप कमी झाल्यासारखे, पण हसरे. तोही तिच्याकडे बघत राहिला.

"तुम्ही अशा दिसता होय," तो म्हणाला.

"अशा म्हणजे?"

"टोपीवाल्या."

काका खोकले. पुढे गेले.

आत उंच, रिकामं दालन होतं. मधे पाण्याचा हौद, कठड्याने घेरलेला. पाणी इतकं स्वच्छ आणि इतकं स्थिर की ते आहे असं वाटेना. तिने कठड्यावरून खाली पाहिलं आणि तिचं बोलणं तोंडातच राहिलं.

तळाशी निळा उजेड होता. दिव्याचा निळा नव्हे, आभाळाचाही नव्हे. तसा निळा तिने आयुष्यात कुठे पाहिला नव्हता. ज्योत नाही, धूर नाही, आवाज नाही. पाण्याच्या पोटात नुसता तो उजेड, कोणाची वाट न बघता, कोणासाठी नसल्यासारखा तेवत होता.

"जळून झालेलं इंधन आहे," तो शेजारी येऊन हलक्या आवाजात म्हणाला. "भट्टीतून काढून इथे ठेवतो. काम संपलं तरी वर्षानुवर्षं गरम राहतं."

"म्हणजे विझवलं तरी विझत नाही."

"भट्टी बंद करता येते. लगेच गार मात्र करता येत नाही. पाणी फिरवत राहावं लागतं."

"आमच्या ताईसारखं," ती नकळत बोलून गेली.

तो हसला नाही. पाण्याकडेच बघत म्हणाला, "इथे आलं की मी अजून हळू बोलतो. कोणी सांगितलं नाही तसं. पण मोठ्याने बोलवत नाही."

तिलाही बोलवेना. गावातला प्रत्येक दिवा, डेपोतली घंटी, जुळ्यांच्या दुधाची बाटली उकळणारी शेगडी, हे सगळं असल्या गप्प उजेडाच्या जोरावर चाललेलं. आणि त्याला गप्प ठेवायला माणसं, पंप, पाणी, आणि एक हिरवा फोन. तिला भीती वाटली. पण त्या भीतीत काहीतरी सुंदर होतं, हात जोडावेसे वाटावेत असं. कठड्यावर तिचा हात होता. त्याचाही होता. दोन्ही हातांत वीतभर अंतर होतं, आणि कोणीच ते कमी केलं नाही... वाढवलंही नाही.

त्यानंतर तो कधी सुटीच्या दिवशी नदीच्या अलीकडे यायला लागला. कामं काढून यायचा. कधी चपलेचा अंगठा, कधी चष्म्याची काडी. ती डेपोपर्यंत सोबत चालायची. रस्त्यात झुळूक आली की तिची नजर आपोआप इमारतीवरच्या झेंड्याकडे जाई आणि त्याचीही. मग दोघं एकमेकांकडे बघून हसायचे. वाऱ्याची दिशा बघत फिरायला जाणारी अशी जोडी गावात दुसरी नव्हती.

ताईच्या कानावर गेलंच.

"अगं, त्याच्या चपलेला किती अंगठे आहेत?" जुळ्यांपैकी एकाला खांद्यावर थोपटत तिने विचारलं.

"ताई, गप."

"गप कशी बसू? तुमच्या लाइनवर काहीतरी बोलत राहायचंच असतं ना?"

एकदा डेपोच्या फाटकाशी तो थांबला. रिमझिम होती. त्याने छत्री तिच्यावर धरली होती आणि स्वतःचा खांदा भिजू दिला होता.

"मला एक सांगायचं आहे," तो म्हणाला.

"सांगू नका."

"काय ते तरी—"

"माहीत आहे. म्हणूनच." तिने छत्रीची दांडी हळूच त्याच्या बाजूला कलती केली. "तुम्ही बोललात की मला उद्या साहेबांना सांगावं लागेल. मग लाइनवर एक तर तुम्ही, नाहीतर मी."

"नियम बदलता येतो. तुमचाच आहे."

"माझा आहे म्हणूनच बदलता येत नाही."

"आणि नाही बोललो तर?"

ती बस येते का ते बघू लागली. ती लाइन तिने शब्द शब्द जोडून उभी केली होती, आणि त्यातला अर्धा जीव त्याचा होता. दुसरा कोणी इतकं स्वच्छ बोलत नव्हता. गावासाठी तो त्या टोकाला हवा होता. आणि तिला तो या टोकाला हवा होता, छत्रीखाली, ओल्या खांद्याने. दोन्ही एकदम होणार नव्हतं. बस आली. ती चढली. मागच्या काचेतून तो बराच वेळ दिसत राहिला... मग पाऊस दिसत राहिला.

थंडी सरता सरता एक अवकाळी वादळ आलं. सकाळची वेळ. विजा, वारा, मग झड. खोलीतला दिवा फडफडला आणि गेला. आणि हिरवा फोन वाजला.

तिने उचलला. सरावात निरोपाची सुरुवात ठरलेली असे, हा सराव आहे. ती त्या शब्दांची वाट बघत राहिली. ते आले नाहीत.

"बाहेरून येणारी वीज गेली आहे," तो म्हणाला. आवाज सरळ होता. "भट्टी बंद केली आहे. गार करणारे पंप आमच्या जनरेटरवर चालू आहेत. दोनपैकी एक जनरेटर सुरू होत नाही. बाहेर काहीही सुटलेलं नाही. वारा नदीकडून वसाहतीकडे. वसाहतीने घरात थांबायचं, दारं-खिडक्या बंद. बसेस तयार ठेवा, हलवू नका."

तिने शब्दन् शब्द परत म्हटला. खोलीत सगळे उभे राहिले होते.

"बरोबर," तो म्हणाला.

बंबवाले काकांनी बॅटरीवरच्या भोंग्याची कळ दाबली आणि त्याच्या कर्ण्यावरून निरोप वाचला. साहेब पोलिसांशी बोलू लागले. डेपोतून बसेस निघाल्या आणि पुलाच्या अलीकडे रांगेत उभ्या राहिल्या, दिवे लावून, ड्रायव्हर आपापल्या जागी.

वसाहत म्हणजे ताई. पहिल्या गोलात, दोन पाळण्यांसह. बाजूच्या टेबलावर साधा फोन होता, हात लांब केला तर पुरत होता. तिने हात लांब केला नाही. भोंगा ताईलाही ऐकू गेला होता, जसा सगळ्यांना गेला होता. एरवी तिला आवडणारा तो पाऊस आज तिला नकोसा झाला. हवेत काही असलं तर पाऊस ते खाली आणतो, हे त्यानेच शिकवलं होतं.

"वारा?" तिने विचारलं.

"तसाच. पंप चालू. दुसऱ्या जनरेटरवर माणसं काम करतायत." जरा थांबून तो म्हणाला, "खिडकीतून काय दिसतंय?"

"चौक रिकामा आहे. बाकाखाली एक कुत्रं बसलंय. पुलापर्यंत बसेसचे दिवे दिसतायत."

"कोणी पळत नाही?"

तिने पुन्हा पाहिलं. नदीपलीकडे वसाहतीची घरं पावसात उभी होती, प्रत्येक खिडकी बंद. गावात हजारो माणसं होती, आणि ती सगळी या तारेवरून येणाऱ्या पुढच्या शब्दाची वाट बघत आपापल्या जागी थांबली होती. पुलावर एकही माणूस नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "कोणी पळत नाही. सगळे ऐकतायत."

मग लाइन मुकी झाली.

"बोला," ती म्हणाली.

काही नाही.

"बोला."

"आहे... मी आहे. चालणारा जनरेटर थांबला होता. पुन्हा सुरू झाला. पंप चालू आहेत. बाहेर काही सुटलेलं नाही."

तिने परत म्हटलं. आवाज कापू दिला नाही. तुम्ही ठीक आहात का, हे चार शब्द ओठांवर आले होते. ते भाजीवालीच्या कामाचे नव्हते. तिने ते गिळले आणि वाऱ्याची दिशा विचारली.

थोड्या वेळाने दुसरा जनरेटरही सुरू झाला. दुपारी तारा जोडल्या, बाहेरची वीज आली, भट्टी बंद आणि पाणी नीट फिरतंय असा निरोप आला. वसाहतीच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. ड्रायव्हर खाली उतरून कंबर ताणू लागले. कोणाला साधं खरचटलंही नव्हतं.

"काम संपलं," तो म्हणाला. "आता फोन ठेवता येईल."

"ठेवा."

"तुम्ही आधी."

"तुम्ही उचलला होता आधी."

कोणीच ठेवेना. शेवटी बंबवाले काकांनी तिच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला, त्यात म्हणाले, "दोघंही जेवून घ्या," आणि खाली ठेवला.

सोमवारी तिने लाइन तपासायला फोन उचलला. पलीकडे एक नवाच, जाड आवाज होता.

"नेहमीचे कुठे आहेत?"

"ते आता लाइनवर नाहीत. अर्ज देऊन नाव काढून घेतलं त्यांनी."

"नाव... काढून घेतलं," सवयीने तिने परत म्हटलं.

"बरोबर."

'बरोबर' हा शब्द तिला इतका चुकीचा कधी वाटला नव्हता. इतक्या सरावांनंतर, त्या दिवसानंतर, सरळ उठून गेला? घाबरला? की डेपोच्या फाटकाशी जे ती बोलली ते मनाला लावून घेतलं? दिवसभर ती कोणाशी धड बोलली नाही. काकांनी विचारलं, "मास्तरीणबाई, कोणी नापास झालं का?" तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पेपर वर धरला.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच आला. जिना चढून, पहिल्यांदाच, त्या खोलीत. दारात उभा राहिला. ती नकाशाकडे बघत राहिली.

"खिडकी खरंच मोठी आहे," तो म्हणाला.

"लाइन सोडलीत. कळलं मला."

"हो."

"सोडायच्या आधी सांगायला हवं होतं."

"कशावरून सांगू? लाइनवरून?" मग तो गंभीर झाला. "बसू का?"

काकांनी स्वतःची खुर्ची सरकवली आणि नकाशाजवळ जाऊन पाठमोरे उभे राहिले. खोलीबाहेर मात्र गेले नाहीत.

"त्या दिवशी लाइन मुकी झाली," तो म्हणाला, "ती यंत्राने नाही. मी थांबलो."

ती वळली.

"जनरेटर बंद पडला, दिवे गेले. मला तेव्हाच सांगायचं होतं. आणि मी... तुमचा विचार केला. वाटलं, तुम्ही घाबराल. पुन्हा सुरू झाला तर सांगू, म्हणून थांबलो. तो सुरू झाला. पण झाला नसता तर? पलीकडे अख्खं गाव होतं, आणि मला फक्त तुम्ही दिसलात."

"किती थांबलात?"

"एक श्वास. फार तर दोन."

"तो पुष्कळ असतो."

"माहीत आहे. म्हणून आमच्या साहेबांना मीच कळवलं आणि नाव काढायला सांगितलं. तुमच्या तिसऱ्या नियमात मी बसत नाही. आधीपासूनच बसत नव्हतो. आपण काही बोललो नाही, सही नाही, सनई नाही, आणि तरी लाइनला कळलं."

खाली चौकात कोणीतरी सायकलची घंटी वाजवली. ती त्याच्या वाकड्या नाकाकडे, उतरलेल्या खांद्यांकडे बघत होती. हा माणूस तिला फुलं घेऊन आला नव्हता. स्वतःची चूक उचलून आणली होती, जशीच्या तशी, काहीही न झाकता. आणि त्या चुकीच्या आत, हौदाच्या तळाशी असतो तसा, तो दुसरा उजेड होता. तिला परत तसंच झालं. बोलवेना.

"रागावलात?" त्याने विचारलं.

"हो."

"किती दिवस राहील?"

"बंद केला तरी लगेच गार होत नाही." ती म्हणाली आणि तिला हसू आलं, मग डोळ्यांत पाणीही आलं, कोणतं आधी ते काकांनाही सांगता आलं नसतं. "आमचे भावोजी माहीत आहेत का तुम्हाला? स्टोअरमधले?"

"तोंडओळख आहे. का?"

"फार बोलतात. जेवताना तर विचारू नका."

"बरं... मग?"

"मग काय? साडू म्हणून चालतील का?"

त्याला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा तो उठून उभा राहिला, पुन्हा बसला, आणि काय करावं ते न सुचून त्याने टेबलावरचा तिचा हात धरला. या खेपेला अंतर राहिलं नाही.

"चालतील," तो म्हणाला. "बोलू देत काय बोलायचं ते."

नकाशाजवळून बंबवाले काका न वळताच म्हणाले, "लग्नात बसेस मी लावतो. पुलावर गर्दी नको."

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. ताईची जुळी तेव्हा उभी राहायला शिकत होती आणि एकमेकांना पाडत होती. लाइन तिने सोडली नाही. निवृत्त होईपर्यंत ती त्या खिडकीशी बसली. तो प्रकल्पात पुढच्या मुलांना लाइन धरायला शिकवू लागला, आणि पहिल्या दिवशी प्रत्येकाला स्वतःचा तो एक श्वास न लाजता सांगायचा.

प्रकल्पाची जुनी भट्टी कायमची बंद झाली त्या वर्षी त्याला बरा न होणारा आजार निघाला. डॉक्टरांनी सांगितलं त्या दुपारी तो कुठे रेंगाळला नाही. थेट घरी आला आणि दारातच, बूट काढायच्या आत, तिला सगळं सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं आणि त्याला आत आणलं. नंतरचे महिने दोघांनी मिळून काढले, काही लपवायचं नव्हतं म्हणून बरेचसे हसत.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत, एका गुरुवारी सकाळी, तो घरी वारला.